दाजींनी सोडलेला मासा

प्रिय वेल्डाताई,

धाकट्या डॉयलचा तुला नमस्कार, आणि आधी हे सांग की गुडघा कसा आहे. ओहायोत तुमच्या बाजूला चढउतार औषधालाही नाही असं रोंडा म्हणत होती, तेव्हा गुडघ्याची चंगळ असणार. पण मनाचं काय? आपल्यासारख्या डोंगराच्या कुशीत वाढलेल्या माणसाला चहूबाजूंनी नुसतं आभाळ दिसायला लागलं की अंगणात आंघोळीला बसल्यासारखं वाटतं. निदान मला तरी वाटलं होतं, तुझ्या लेकीच्या लग्नाला आलो तेव्हा. रोंडाला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, आणि त्यांच्या त्या जाड्या मांजराचं पोट आता बरं असेल अशी आशा करतो. इकडे मी खुशाल आहे. कोंबड्या खुशाल आहेत. मका छातीला लागलाय. टोमॅटोला यंदा काय झालंय कुणास ठाऊक, पण काकड्या इतक्या आल्यात की लोक मला रस्त्यात पाहून गाडीच्या काचा वर करतात. दाजीही खुशाल आहेत. (हे वाक्य मी मुद्दाम काकड्यांच्या मागे ठेवलं, एकदम डोळ्यांत जाऊ नये म्हणून.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर दाजींमधला 'दा' ऐकला तरी तू फोन ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. (येतं म्हणा, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू ते कचऱ्यात टाकायची नाहीस.) तुमच्या नवरा-बायकोच्या भांडणात मला पडायचं नाही. आईचा बिडाचा तवा दाजींनी होडीला नांगर म्हणून नेला, गाठ सुटली, तवा ग्रीनब्रायर नदीच्या तळाशी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओहायोच्या बसमध्ये बसलीस. यात कोण बरोबर नि कोण चूक हे ठरवायला मी काही न्यायाधीश नाही. (चूक दाजींची आहे.) मी फक्त गेल्या शनिवारी सकाळी नदीवर काय झालं ते जसंच्या तसं सांगणार आहे. तुझ्याकडे मला काही मागायचं नाही, कसली रदबदली करायची नाही. निव्वळ बातमी म्हणून वाच.

तुला बहुतेक माहीत नसेल, दाजी सध्या माझ्याकडे असतात. तू गेलीस त्या संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले, बगलेत उशी. म्हणाले, "डॉयल, जेवायला काय केलंयस?" मी म्हटलं, घेवडा शिजवलाय. त्यांनी उशी सोफ्यावर ठेवली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. ताई, तू या माणसाबरोबर इतकी वर्षं कशी काढलीस ते तुझं तुलाच ठाऊक. मी आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस, मला माझ्याच घरात आता दार वाजवून न्हाणीघरात जावं लागतं. सकाळी उठल्याबरोबर रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी ते वाद घालतात. तो ऐकत नाही म्हटल्यावर माझ्याशी घालतात. अंड्यावर टोमॅटोची चटणी एवढी ओततात की खाली अंडं आहे की नाही हे चमच्याने चाचपून पाहावं लागतं. माझ्या कोंबड्यांना त्यांनी नावं ठेवली, म्हणजे बारसं केलं त्यांचं, आणि सगळी नावं आपल्या बहिणींची दिली. ज्या कोंबडीला त्यांनी 'ऑर्फा' म्हणायला सुरुवात केली तिने त्या दिवसापासून अंडं दिलेलं नाही आणि ती माझ्याकडे तुमच्या ऑर्फावन्संसारखंच बघते. जे मोडलेलं नाही ते दुरुस्त करायची त्यांना भारी हौस. पोर्चमधला झोपाळा इतकी वर्षं कुरकुरत होता, मला त्या कुरकुरीची सवय होती. आता तो कुरकुरत नाही, पण एका बाजूला झुकतो, आणि पाहुणा बसला की हळूहळू माझ्या मांडीवर येतो.

तर शुक्रवारी जेवताना दाजी म्हणाले, "उद्या पहाटे नदीवर जाऊ या का? बास माशांचे दिवस आहेत." मला इतका आनंद झाला की मी त्यांना घेवडा दुसऱ्यांदा वाढला. मासेमारीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात बोलायचं नसतं. त्यातून जुलैची पहाट, पाणी खाली उतरलेलं, काचेसारखं स्वच्छ. पुलाखाली होडी उतरवली तेव्हा नदीवर धुकं एवढं दाट होतं की दाजी होडीच्या पुढच्या टोकाला बसले होते आणि मला फक्त त्यांची टोपी दिसत होती. ताई, दाजी मला इतके शांत आणि देखणे पूर्वी कधी दिसले नव्हते. एक गोष्ट मात्र मला खटकली. ताडपत्रीत गुंडाळलेलं एक लांबलचक काहीतरी त्यांनी होडीत माझ्या पायांशी आडवं टाकलं होतं. मी विचारलं, गळाची नवी काठी घेतलीत की काय? तर म्हणाले, "तसंच काहीसं." मी पुढे विचारलं नाही. तिथेच चुकलं.

आमिषासाठी आम्ही आधी वरच्या खळाळात थांबलो. तुला ते दगडाखालचे काळे किडे आठवत असतील, पुढे चिमटा असलेले, ज्यांच्यासाठी बास जीव टाकतो. त्यांना मानेमागून धरायचं असतं, हे या खोऱ्यातल्या शाळेतही न गेलेल्या माणसाला ठाऊक असतं. दाजींना कुणी सांगायला जाऊ नये. त्यांचं म्हणणं, किड्याला विश्वासात घ्यावं. त्यांनी पहिल्या किड्याला विश्वासात घेतलं आणि त्याने त्यांच्या अंगठ्याला जो चिमटा घातला तो सोडवायला मला माझा चष्मा काढून ठेवावा लागला आणि मग चष्मा कुठे ठेवला ते शोधण्यात सूर्य डोंगरावर आला. (चष्मा दाजींच्या टोपीवर होता. मीच ठेवला होता म्हणतात. असेल.) एवढ्या सगळ्यात दाजी कण्हले नाहीत की काही बोलले नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती की यांचं चित्त माशावर नाही. ज्या माणसाला कागदाने बोट कापलं तरी डॉक्टर आठवतो तो अंगठा पाण्यात बुचकळून म्हणाला, "चल, खालच्या डोहाकडे चल."

खालचा डोह म्हणजे आपल्या बॅप्टिस्ट मंडळींचा, जिथे उन्हाळ्यात पास्टर लोकांना बुडवून पवित्र करतात तो. मधोमध तो मोठा खडक, खडकाच्या मागे संथ पाणी, आणि त्या संथ पाण्याच्या कडेला बास दबा धरून बसतो. याला लहान तोंडाचा बास का म्हणतात ते मला आजवर कळलेलं नाही. त्या तोंडात माझी मूठ जाते. ज्याने नाव ठेवलं त्याच्या घरची माणसं केवढ्या तोंडाची होती कुणास ठाऊक. मी होडी सावलीत लावली, पहिला किडा गळाला लावला, झकास फेकला, आणि मागे छपाक असा आवाज झाला. वळून बघतो तर दाजी पँट-बुटासकट मांडीभर पाण्यात उतरलेले, आणि ताडपत्रीतून निघालं होतं ते माझ्या बागेतलं दाताळं. ते दाताळं दोन्ही हातांनी धरून दाजी नदीचा तळ विंचरायला लागले.

मी म्हटलं, "दाजी, मासे पळतील." ते म्हणाले, "पळू देत." मी म्हटलं, "मग आपण इथे कशासाठी आलोय?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळचट विचारलं. म्हणाले, "तवा इथेच पडलाय. खडकाच्या खालच्या अंगाला. मी त्या दिवसापासून रोज येतोय." ताई, मला वाटत होतं हा माणूस रोज दुपारी टपालघराकडे फिरायला जातो. ओली पँट घालून परत यायचे तर मला वाटायचं, वयोमानाने काहीतरी सुरू झालं असेल. मी सौजन्य म्हणून विचारलंही नव्हतं.

दाताळ्याला काय काय लागलं म्हणून सांगू. एक बूट निघाला, आमच्या दोघांपैकी कुणाचाच नसलेला. गाडीच्या चाकाची झाकणी निघाली. मी तीन उन्हाळ्यांपूर्वी हरवलेला गळाला लावायचा लाल बेडूक निघाला, रबराचा, डोळा शाबूत. बास एकही दिसला नाही, कारण तळाचा गाळ उठून डोह कॉफीसारखा झाला होता. आणि अशात काठावरून आवाज आला, "कोण आहे ते? हात वर करा, म्हणजे दिसतील असे ठेवा." धुक्यातून हिरवा गणवेश घातलेली एक बाई खाली उतरली. शिकार नि मासेमारी खात्याची अधिकारी. पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी कळवलं होतं की दोन म्हातारे नदीत काहीतरी पुरताहेत. दाजींनी हात वर केले, त्यामुळे दाताळंही वर गेलं, आणि सगळं प्रकरण होतं त्यापेक्षा वाईट दिसायला लागलं.

जवळ आली तेव्हा ओळखली, मलिन्सांची डेल्फा. रविवारच्या बायबलच्या वर्गात तुझ्यासमोर बसून सगळी वचनं चुकीची पाठ म्हणणारी. आता भारदस्त झालीये. तिने आम्हालाही ओळखलं, पण लगेच दाखवलं नाही. नोकरीत असं करावं लागत असेल.

"हॉबर्टकाका, हे काय चाललंय?"

"मासेमारी," दाजी म्हणाले.

"दाताळ्याने?"

मी होडीतून सांगायला गेलो की आमच्याकडे परवाना आहे, तर ती म्हणाली, "डॉयलकाका, परवाना काठीचा असतो. बागकामाचा नसतो. तळ ढवळायला मनाई आहे, अंडी नि पिल्लं मरतात. आता खरं सांगा, की मी लिहायला घेऊ?"

आणि मग ताई, दाजींनी तिला सगळं सांगितलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की या माणसाला थोडक्यात बोलता येतं. म्हणाले, "वेल्डाच्या आईचा तवा माझ्या हातून इथे बुडाला. वेल्डा घर सोडून गेली. तवा मिळाला तर तिला दाखवायला तोंड होईल." एवढंच. डेल्फाने पेन खिशात ठेवलं. मग म्हणाली, "त्या तव्यातला मक्याचा पाव मी खाल्लाय. चर्चच्या जेवणाला वेल्डाकाकू आणायच्या. कडेचा खरपूस तुकडा मिळावा म्हणून आम्ही पोरं रांगेत मारामारी करायचो." (हे मी माझ्या पदरचं घालत नाहीये, ती खरंच म्हणाली. विचार तिला.) मग पुन्हा अधिकारी झाली आणि म्हणाली, "दाताळं होडीत ठेवा. पायांनी चाचपायला माझी हरकत नाही, पाय काय, नदीत उतरणाऱ्या सगळ्यांना असतात. पण एक काठी हातात धरा आणि गळ पाण्यात असू दे, म्हणजे मला विचारलं तर तुम्ही मासेच धरत होतात असं सांगता येईल." आणि ती निघून गेली असं तुला वाटलं असेल तर तसं नाही. ती काठावरच्या सिकॅमोर झाडाच्या मुळावर बसली आणि तिने आपला डबा उघडला.

तर आता दृश्य असं. मी होडीत, खालच्या बाजूला. डेल्फा काठावर. दाजी खडकामागे कमरेएवढ्या पाण्यात, डाव्या बगलेत माझी काठी (माझी चांगली काठी, कारण होडीत हाताशी तीच होती) आणि डोळे मिटून पायाने तळ चाचपताहेत, अंधारात चपला शोधतात तसे. गळाला किडा कसाबसा अडकवलेला, दोर सैल, प्रवाह नेईल तिकडे चाललेला. मी पहाटेपासून रीतसर, अक्कलहुशारीने, सावली बघून गळ टाकत होतो. माझ्याकडे एकाही माशाने ढुंकून पाहिलेलं नव्हतं. आणि जो माणूस मासा धरत नव्हता, ज्याला मासा नकोच होता, त्याच्या बगलेतली काठी एकदम वाकून पाण्याला टेकली.

दाजींनी डोळे उघडले. त्याच क्षणी त्यांचा चेहरा दोनदा बदलला, आणि दुसऱ्यांदा का बदलला ते मला नंतर कळलं. पायाखाली काहीतरी गोल, जड, लोखंडी लागलं होतं, आणि दांडा बुटातूनही कळत होता. इकडे मासा वर आला. ताई, मी या नदीवर जन्म काढलाय. असा बास मी फक्त लोकांच्या बोलण्यात पाहिला होता. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आणि वर आणखी थोडा, पाठ घासलेल्या तांब्यासारखी, डोळे लालभडक, पाण्याबाहेर उभाच्या उभा निघाला, डोकं झटकलं आणि परत आत. तुला माहीत आहे तुमच्या दिवाणखान्यात शेगडीवरची ती जागा, जिथे तू कॅलेंडर लावतेस. दाजी लग्न झाल्यापासून म्हणताहेत की हे कॅलेंडर तात्पुरतं आहे, इथे एक दिवस मासा येणार. तो मासा आला होता. तो प्रवाहाच्या वर पळत होता आणि त्याला धरायचा तर त्याच्यामागे चार पावलं चालत जाणं भाग होतं. आणि पाय उचलला की त्या गढूळ पाण्यात पायाखालची जागा गेलीच म्हणून समज.

मी ओरडलो, "दाजी, चला पुढे, तवा कुठे जात नाही!" डेल्फा तर डबा टाकून उभी राहिली होती. ती ओरडली, "काठी वर धरा काका, दोर ढिला सोडू नका!" (सरकारी माणूस, पण शेवटी याच खोऱ्यातली.) दाजी हलले नाहीत. एक पाय रोवून, काठी दोन्ही हातांनी धरून त्या माशाकडे बघत राहिले. मासा दुसऱ्यांदा उसळला. ते त्याच्याकडे कसे बघत होते ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी काठी सोडून दिली. फेकली नाही, हळूच पाण्यावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवतात तशी, आणि नाक धरून पाण्याखाली गेले. टोपी वर तरंगत राहिली. काठी खडकाला वळसा घालून वरच्या दिशेने निघून गेली. माझी काठी, ताई. पण त्या क्षणी मला तिचं काही वाटलं नाही. (नंतर वाटलं. अजून वाटतंय.)

ते वर आले तेव्हा दोन्ही हातांत तवा होता. डेल्फाने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि दाजींचा चेहरा पाहून तसेच खाली घेतले. तो आईचा तवा नव्हता. पातळ होता, आतून खरबरीत, दांड्याला भोक वेगळ्या आकाराचं आणि तळाला केसाएवढी चीर. कुणा दुसऱ्याचा. म्हणजे या खोऱ्यात आणखी कुणा नवऱ्याने कधीतरी तोच उद्योग केला होता, आणि त्या बाईने काय केलं असेल देव जाणे. डेल्फा हलकेच म्हणाली, "तो नाही ना?" दाजींनी मान हलवली. तिने आपल्या डब्यातले पेपरोनी सॉसेज भरलेले पाव काठावरच्या दगडावर ठेवले आणि गाडीकडे चालू लागली. जाताना एवढंच म्हणाली, "मासा झकास होता, काका."

आम्ही गोट्यांच्या पट्ट्यावर उन्हात बसून ते पाव खाल्ले. दाजींचे बूट शेजारी पालथे. धुकं गेलं होतं, खंड्या नदीवरून वरखाली करत होता, आणि मला कधी नव्हे ते त्यांच्याशी बोलावंसं वाटत होतं. तेव्हा तुझ्या या भावाने जो सल्ला दिला तो मी लपवणार नाही, कारण दाजी कधी ना कधी सांगतीलच. मी म्हटलं, "दाजी, हा तवा घासू, डुकराची चरबी लावून भट्टीत चारदा तापवू, काळा कुळकुळीत करू आणि पार्सलने ओहायोला पाठवू. इतक्या दुरून कुणाला कळतंय?"

"तिला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर मला कळेल. रोज सकाळी. ताटात पाव आला की." मग ते म्हणाले, "आणि डॉयल, ती तव्यासाठी गेली नाही रे. तवा बुडाला त्या दिवशी मी घरी येऊन तिला पहिलं वाक्य काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, दोर चांगला होता, गाठच वाईट निघाली. ती भिंतीला टेकून उभी होती. तिच्या आईची शेवटची वस्तू गेली होती, आणि मी तिला जेवण होईपर्यंत गाठींचे प्रकार समजावून सांगत होतो."

आपल्या घराण्यात अशा वेळी काय बोलायचं ते कुणाला शिकवलेलं नाही. मी उरलेला पाव त्यांना दिला. त्यांनी तो अर्धा करून अर्धा मला परत दिला, आणि अर्ध्यातला पेपरोनी नेमका त्यांच्याकडे राहिला, पण मी तो विषय काढला नाही.

तर ही अशी सकाळ. मासा एकही नाही, काठी एक गेली, दाताळ्याचे दोन दात गेले, चष्म्याची काडी वाकली. परत येताना होडी ओढून आणावी लागली कारण दाजी वल्हं खडकापाशीच विसरले होते. मी वर लिहिल्याप्रमाणे मला तुझ्याकडे काही मागायचं नाही. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक देत जा. रोंडाला म्हणावं काकड्या हव्या असतील तर कळव. नको असतील तरी कळव, मी पाठवणारच आहे.

तुझा धाकटा भाऊ,
डॉयल

ता. क. बरं, मागायचं आहे. दाजींचा फोन एकदा उचल. ते रोज सकाळी खुराड्यापाशी उभे राहून तुला सांगायचं वाक्य कोंबड्यांसमोर घोकत असतात. मी पोर्चमधून ऐकलंय. चांगलं वाक्य आहे, छोटं आहे, आणि त्यात गाठीचा उल्लेख नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. ऐकून झाल्यावर तुला वाटलं तर ये, मी ट्रक घेऊन बसस्टँडवर उभा राहीन. नाही वाटलं तर तसं सांग, पण माणसाला वाक्य तरी पुरतं करू दे. ऑर्फा सोडून बाकी सगळ्या कोंबड्यांना ते पटलेलं आहे.

ता. क. २. तू आलीस की यांना घरी घेऊन जा, उशीसकट, त्याच दिवशी. मी वर त्यांच्याबद्दल जे जे लिहिलंय त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. फक्त शनिवारी सकाळी त्यांना माझ्याकडे पाठवत जा. होडीला दोन माणसं लागतात. म्हणजे एकट्यालाही चालवता येते, मी इतकी वर्षं एकटाच चालवत आलोय, पण पुढे कुणी बसलेलं नसलं की तिचं नाक वर उठतं आणि वारा तिला भलतीकडेच नेतो. आधी मला हे जाणवलं नव्हतं.

ता. क. ३. वेल्डा, डॉयल कोंबड्यांना दाणे टाकायला गेलाय म्हणून हे वाचलं. मासा त्याने लिहिलाय त्याच्यापेक्षा बराच मोठा होता. बाकी सगळं खरं आहे. हॉबर्ट.